डोळे मिटून मोजलेले पाच

संपादकांनी फोनवर बजावलं होतं, "सिस्टर, ऑपरेशन थिएटरमधल्या गमतीजमती लिहा. सणाचा अंक आहे, जड नको." मी माझ्या सवयीप्रमाणे यादी केली. तेवीस गमती निघाल्या. त्यातल्या एकोणीस छापता येणार नाहीत, कारण ते पेशंट पनवेलमध्येच राहतात आणि दर आठवड्याला मला बाजारात भेटतात. राहिल्या चार. त्यातल्या तीन पटकन सांगून टाकते. चौथी गंमत नाही, पण ती वगळून माझ्या कामाबद्दल काही लिहिलं तर ते अर्धं खोटं होईल.

मी थिएटर नर्स आहे. सव्वीस वर्षं झाली. शिक्षण नगर जिल्ह्यातल्या एका मिशन हॉस्पिटलात झालं, लग्नानंतर पनवेलला आले, आणि हायवेजवळच्या एका खासगी हॉस्पिटलात लागले. लोकांना वाटतं, नर्स म्हणजे ताप बघणारी, गोळ्या देणारी. थिएटर नर्सशी पेशंटची ओळख फार तर दहा मिनिटांची. तो आत येतो, घाबरलेला असतो, मी नाव विचारते, मग तो झोपतो. जागा होतो तेव्हा मी पुढच्या पेशंटची हत्यारं मांडत असते.

त्या दहा मिनिटांत माझ्याकडे एक यादी असते: पेशंटच्या अंगावरून काय काय काढायचं. बांगड्या, नखांचं पॉलिश, चष्मा, कवळी, कानातलं यंत्र. द्रोणागिरीच्या एका गोदामातले सुपरवायझर ऐकू यायचं यंत्र काढायला तयार होईनात. म्हणाले, "सिस्टर, यंत्र काढलंत तर मी बेशुद्ध झालो हे मला कळणार कसं?" उरणच्या एका आजींना मी तीनदा विचारलं, दात खोटे आहेत का? तिन्ही वेळा "नाय" म्हणाल्या. भूल द्यायच्या वेळी अख्खी कवळी हातात आली. शुद्धीवर आल्यावर मी रागावले तर म्हणाल्या, "खोटे कशे? माझेच हायेत. माझं सोनं इकून घडवून घेतलेत."

तिसरी गोष्ट सांगताना मला हसू येत नाही. मनगटावरचे, गळ्यातले दोरे हेही माझ्या यादीत असत. देवीचे, पिराचे, कुणाकुणाचे. नोकरीच्या सुरुवातीला मी ते कात्रीने कापून सरळ पिवळ्या पिशवीत, म्हणजे कचऱ्यात टाकत असे. नियमानुसारच. पण नियम पाळताना मला जरा बरंही वाटत असे, हे कबूल करते. माझा देव खरा, आणि कात्री माझ्या हातात. एकदा एका म्हाताऱ्या कोळ्याने भूल उतरल्यावर पहिल्यांदा स्वतःचं मनगट चाचपलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. त्या दिवसापासून मी दोरा सोडवून पाकिटात घालते, वर नाव लिहिते आणि पेशंटबरोबर परत पाठवते. यादीत ती ओळ वाढवली. त्या म्हाताऱ्याची माफी मागायची मात्र राहिली.

यावरून लक्षात आलं असेल की मी देवाचं मानणारी बाई आहे. नुसती मानणारी नाही, सगळं त्याच्या पायाशी ठेवून जगायचं ठरवलेली. आमच्या घरी पहाटे पावणेपाचला उठायचं, वचन वाचायचं, मग प्रार्थनेची वही. वहीत डावीकडे नाव, मध्ये विनंती, उजवीकडे रिकामा चौकोन. प्रार्थनेचं उत्तर मिळालं की चौकोनात लाल पेनाने बरोबरची खूण. स्वयंपाकघर, वॉर्ड, रिक्षा, सगळीकडे देव आपल्याबरोबर आहे असं धरून चालायचं. दर बुधवारी चर्चमध्ये स्त्रियांची सभा भरते. तिथे जिला काही अनुभव आला असेल तिने उभं राहून साक्ष द्यायची. माझ्या साक्षी बायकांना आवडत, कारण त्यांत रक्त असे.

थिएटरमध्येही माझा एक रिवाज होता. मिशन हॉस्पिटलात पहिला छेद घेण्याआधी सगळे थांबत आणि मोठ्या सिस्टर प्रार्थना करीत. पनवेलच्या हॉस्पिटलात सगळ्या धर्मांची माणसं. तिथे मी मोठ्याने काही म्हणत नसे. हत्यारांच्या ट्रॉलीसमोर उभी राहून अर्धा मिनिट डोळे मिटत असे, एवढंच. हळूहळू सगळ्यांना सवय झाली, अर्धा मिनिट सगळेच गप्प राहत. आमचे भूलतज्ज्ञ डॉक्टर रोहेकर हे अलिबागकडचे ज्यू. मराठी माझ्यापेक्षा चोख. ते दर वेळी विचारीत, "काय सिस्टर, वरून परवानगी आली का?" मी म्हणे, "आली." मग ते, "सांगा त्यांना, आमचाही अर्ज आहे. साहेब एकच, फक्त आमचं ऑफिस जुनं."

आता मोजणीबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पोटाच्या ऑपरेशनमध्ये रक्त टिपायला जाड कापडाचे मोठे चौकोनी तुकडे वापरतात. त्यांना आम्ही मॉप म्हणतो. पाचापाचाच्या गड्डीत येतात. रक्ताने भिजलेला मॉप आतड्यांच्या मागे सरकला तर आतड्यासारखाच दिसतो. म्हणून मोजायचं. सुरुवातीला मोजायचं, पोट बंद करण्याआधी पुन्हा मोजायचं. दोघींनी मोजायचं, मोठ्याने, आणि एकेक मॉप दोघींनी डोळ्यांनी पाहायचा. एक सर्जनशेजारी हातमोजे घालून उभी असते, ती बहुतेक वेळा मी. दुसरी बाहेरून वस्तू पुरवते, बादलीत टाकलेले वापरलेले मॉप उचलून मोजते आणि फळ्यावर आकडे लिहिते. त्यात काही अवघड नाही, बालवाडीतलं पोर करील. तोवर इतक्या वर्षांत माझी मोजणी चुकली नव्हती आणि हे मी नव्या मुलींना वरचेवर ऐकवत असे.

सुगंधा आली ती सकाळी साडेदहाला, टेम्पोत आडवी घालून. वय एकतीस, उरणची कोळीण, पनवेलच्या बाजारात मासळी विकायला बसणारी. नवरा न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो, तो तेव्हा पोर्टाच्या रांगेत अडकलेला. बरोबर फक्त सासू. सुगंधाच्या पोटातला गर्भ पिशवीत न राहता नळीत वाढला होता आणि नळी फुटली होती. पोटात रक्त भरत होतं. ओठ पांढरे. मी नाव विचारलं तर माझा हात धरून म्हणाली, "बाय, मना जगव. पोरगी लहान हाय."

मनगटावर तिच्या देवीचा दोरा होता. सोडवायला वेळ नव्हता, मी त्यावर चिकटपट्टी गुंडाळली.

गौरी मॅडम आमच्या सर्जन. त्यांनी पोट उघडलं तेव्हा आत नुसतं रक्तच दिसत होतं. दहा मॉप संपले. मी ओरडले, "अजून पाच!" शबानाने, म्हणजे त्या दिवशीच्या बाहेरच्या नर्सने, गड्डी फोडून दिली आणि फळ्यावर दहाखाली पाच लिहिले. डॉक्टर रोहेकर मॉनिटरकडे बघत म्हणत होते, "मॅडम, लवकर. मॅडम, प्लीज." मग मॅडमना फुटलेली जागा सापडली, चिमटा लागला, आणि रक्त थांबलं. मॉनिटरवरचा आकडा हळूहळू वर चढायला लागला. रोहेकर म्हणाले, "आली. परत आली."

मॅडम म्हणाल्या, "मोजा, मी बंद करते."

शबानाने बादलीतले भिजलेले मॉप एकेक करून उचलले. "बादलीत दहा." तेवढ्यात दारावर रक्ताची दुसरी पिशवी आली, ती घ्यायला ती वळली आणि वळता वळता म्हणाली, "सिस्टर, ट्रॉलीवर?"

"पाच," मी म्हणाले.

"एकूण पंधरा. मॅडम, मोजणी बरोबर."

कागदावर दोघींच्या सह्या झाल्या. सुगंधा सहाव्या दिवशी चालत घरी गेली. जाताना माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. त्या बुधवारी मी स्त्रियांच्या सभेत साक्ष दिली. मला ती शब्दशः आठवते, कारण बोलायची ती मी आधी वहीत लिहिते. मी म्हणाले, "बहिणींनो, रक्त थांबलं त्या क्षणी माझ्याने राहवलं नाही. मी तिथेच ट्रॉलीसमोर डोळे मिटले आणि प्रभूचे आभार मानले." बायकांनी टाळ्या वाजवल्या. शांताबाई, आमच्यातल्या सर्वांत वयस्कर, निवृत्त शिक्षिका, त्यांनी डोळे पुसले. घरी येऊन मी सुगंधाच्या नावापुढच्या चौकोनात लाल खूण केली.

टाके काढायला ती आली तेव्हा मला मुद्दाम भेटली. म्हणाली, "सिस्टर, पोटान दुखतंय वो अजून." मी घाईत होते. म्हणाले, "वारा धरला असेल. चालत जा रोज." हेही मी यादीतून वगळत नाही.

ऑपरेशनला पाच आठवडे झाल्यावर ती तापाने फणफणून दाखल झाली. पोट फुगलेलं. संध्याकाळी गौरी मॅडमनी मला एक्स-रेच्या खोलीत बोलावलं. त्यांनी पडद्याकडे बोट केलं.

प्रत्येक मॉपमध्ये एक दोरा विणलेला असतो. एरवी तो निळा असतो, एक्स-रेत पांढरा दिसतो. तो त्याचसाठी असतो, हे मी नव्या मुलींना पहिल्याच दिवशी शिकवते. शिकवताना सांगते, "हा दोरा पेशंटच्या एक्स-रेत कधी दिसू नये, म्हणून आपण आहोत." सुगंधाच्या पोटाच्या सावलीत, कमरेच्या जरा वर, तो पांढरा दोरा वळणं घेत पडला होता.

मी म्हणाले, "हा दुसऱ्या कुणाचा एक्स-रे आहे."

मॅडम म्हणाल्या, "नाव वाच."

मी नाव वाचलं. वय वाचलं. मग तारीख वाचली. मग पुन्हा नाव वाचलं. त्यानंतर काय झालं ते मला सलग आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मी धुतलेल्या चादरींच्या खोलीत स्टुलावर बसले होते, मांडीवर वही होती आणि काय काय करायचं याची यादी करायला घेतली होती. पानावर 'एक' असा आकडा घातला, त्यापुढे टिंब दिलं. त्यापुढे काही नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा माझी यादी एकच्या पुढे सरकली नाही.

शबाना मला शोधत आली आणि दारातच रडायला लागली. "सिस्टर, माझीच चूक आहे. बादलीतला एखादा मॉप मी दोनदा मोजला असणार. या खुदा, त्या बाईला काही झालं तर! मोठे डॉक्टर म्हणाले, उद्या लेखी दे आणि घरी जा."

मोठे डॉक्टर म्हणजे हॉस्पिटलचे मालक. आणि शबाना म्हणजे माझ्याच हाताखाली तयार झालेली मुलगी, घरात कमावणारी एकटी.

मी म्हणाले, "तू दहा मोजलेस का?"

"मोजले. हात लावून मोजले."

"मग दहाच होते."

"असं कसं सिस्टर? तुमचे पाच तर बरोबरच असणार."

तिने ते इतक्या भरवशाने म्हटलं, की मी त्या क्षणाकडे परत गेले. ट्रॉली. हिरवा कपडा. रोहेकरांचा आवाज, "परत आली." मॅडम म्हणतात, मोजा. शबाना विचारते, ट्रॉलीवर? ट्रॉलीवर किती मॉप आहेत ते मला आठवेना. कितीही प्रयत्न केला तरी तिथे अंधार होता. विसर पडल्याचा अंधार नव्हता तो. माझे डोळे मिटलेले होते. मी देवाचे आभार मानत होते आणि मानता मानता 'पाच' म्हणाले, कारण पाच असायला हवे होते.

हे मला नवीन कळत नव्हतं, हाच सगळ्यांत मोठा धक्का. हे मी पस्तीस बायकांसमोर उभं राहून स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. त्यावर टाळ्या घेतल्या होत्या. कागदावर काही नव्हतं, तिथे नुसतं पंधरा आणि दोन सह्या. पण माझ्या वहीत, माझ्या अक्षरात, शब्दशः होतं. काही वाईट करताना सापडले असते तर मला समजलं असतं. मी प्रार्थना करताना सापडले होते.

त्या पहाटे पावणेपाचला उठले, वही उघडली. सुगंधाच्या नावापुढे लाल खूण. शब्द सुचेनात. डोळे मिटायचीच भीती वाटली. दिवा लावून, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत तशीच बसून राहिले. साडेसातला मोठ्या डॉक्टरांच्या केबिनबाहेर जाऊन उभी राहिले.

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. गौरी मॅडमही होत्या. मग ते शांतपणे म्हणाले, "सिस्टर, तुमचे डोळे मिटले होते हे कागदावर कुठे आहे?"

"कुठेच नाही."

"मग तुम्ही कशाला आणताय? मोजणी फळ्यावर शबानाने लिहिली. पेशंटला सांगू, आत पू झालाय, साफ करावं लागेल. खोटं काय त्यात? पू झालेलाच आहे. तुम्ही देवाचं करणाऱ्या बाई, तुमचं नाव आहे. नव्या मुलीला दुसरीकडे नोकरी मिळेल."

मी मॅडमकडे पाहिलं. त्या टेबलाकडे पाहत होत्या.

खरं सांगते, मला मोह झाला. चांगला मिनिटभर झाला. माझं नाव आहे, हे मला ऐकायला आवडलं होतं. मग मी म्हणाले, "सर, ट्रॉलीवर चार मॉप होते. मी न बघता पाच म्हणाले. मी सुगंधाला सांगायला चालले आहे. माझ्याबरोबर कुणी येणार असेल तर या."

गौरी मॅडम उठल्या. "मी येते," म्हणाल्या. "पोट मी बंद केलं होतं."

सुगंधा भिंतीला टेकून बसली होती, सासू पायाशी. मला बघून तापातही हसली. सासूला म्हणाली, "आई, ही बघ आली माझी बाय."

मी म्हणाले, "सुगंधा, तुझ्या पोटात आमचा एक कपडा राहिलाय. मागच्या ऑपरेशनमधला. त्यामुळे ताप आहे. आज परत पोट उघडून काढावा लागेल."

तिला कळायला वेळ लागला. सासूला आधी कळलं. ती उठून उभी राहिली. "कपडा? पोटान? आगो बाय, माणसाच्या पोटान कपडा ठेवतात? आमी देव समजलो तुमाला! गावान सांगत फिरलो!"

"शिव्या द्या," मी म्हणाले. "पण चूक माझी एकटीची आहे. दुसऱ्या कुणाचं नाव सांगितलं तर ऐकू नका. कपडे मोजायचं काम माझं होतं. तू वाचलीस म्हणून मी देवाचे आभार मानत होते, डोळे मिटून. न बघता आकडा सांगितला."

सुगंधाने सासूला हात धरून खाली बसवलं. मग म्हणाली, "सिस्टर, मी पाटी घेऊन बाजारान बसते. रोज देवीचं नाव घेते. पन मासं मोजताना डोले मिटत नाय. मिटले तर गिराईक चार उचलतं आन दोन सांगतं."

"हो."

"तुमचा देव काय म्हनला अस्ता? मोज आधी, मग मना हाक मार, असंच ना?"

इतक्या वर्षांत ऐकलेल्या कुठल्याही प्रवचनाने माझ्या चुकीवर असं बोट ठेवलं नव्हतं. मी मान हलवली.

पुढचं इथेच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्यांना काळजी नको. सुगंधा आज ठणठणीत आहे, बाजारात तिच्या जागेवर बसते आणि मला मासळी देताना प्रत्येक मासा माझ्या डोळ्यांसमोर नाचवून मोठ्याने मोजते, सगळा बाजार हसतो. चौकशी झाली. माझं इन्चार्जपद गेलं, ते जायलाच हवं होतं. आज थिएटरची इन्चार्ज शबाना आहे आणि माझ्यापेक्षा कडक आहे. माझ्या वहीतला उजवीकडचा चौकोन मी काढून टाकला. बुधवारच्या सभेत मी दुसरी साक्ष दिली, पहिलीइतकीच सविस्तर. ती संपली तेव्हा टाळ्या नाहीत, आमेनही नाही. पाळकांच्या पत्नी पदराशी चाळा करीत राहिल्या. शेवटी शांताबाई म्हणाल्या, "रूथ, मागच्या वेळी टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पहिली होते. आम्हालाही कुणालाच खटकलं नाही गं, की त्या वेळी मोजत कोण होतं?" मग त्यांनी प्रार्थना केली. मी हळूच पाहिलं, तर त्यांचे डोळे उघडे होते.

पण मला सांगायचं आहे ते त्या दुपारचं.

मोठ्या डॉक्टरांनी मला थिएटरबंदी केली होती. सुगंधाला आत न्यायला स्ट्रेचर आलं तर ती उतरून उभी राहिली. "ती सिस्टर नसंल तर मी जानार नाय."

"अहो, पण त्यांनीच तर..." वॉर्डबॉय म्हणाला.

"म्हनूनच," सुगंधा म्हणाली. "तिच्या डोल्यांना आता झोप लागनार नाय."

गौरी मॅडमनी मध्ये पडून परवानगी आणली. अट एक: मी कशालाही हात लावायचा नाही, फळ्याजवळ उभं राहायचं. दारापाशी सुगंधाने स्वतः मनगटावरचा दोरा दातांनी सोडवला आणि माझ्या हातात दिला. मी पाकीट काढलं, वर तिचं नाव लिहिलं, तिच्यासमोर आत घातला.

"किती दोरे?" तिने विचारलं.

"एक."

"बघून सांगा."

मी पाकीट उघडून बघितलं. "एक."

"हां," ती म्हणाली आणि आडवी झाली.

आत सगळी तयारी झाली. शबाना बाहेरच्या नर्सच्या जागी, माझ्या जागी दुसरी सिस्टर. सुरुवातीची मोजणी झाली: दहा. रोहेकरांनी भूल दिली. मॅडमनी हात पुढे केला आणि थांबल्या. सगळेच थांबले. ते माझ्या अर्ध्या मिनिटासाठी थांबले होते. रोहेकरांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी त्यांनी परवानगीचं काही विचारलं नाही.

मी डोळे मिटले नाहीत. ट्रॉलीवरच्या प्रत्येक वस्तूकडे पाहिलं. चिमटे, सुया, मॉप, एकेक. मॅडमच्या हातांकडे पाहिलं, शबानाच्या सुजलेल्या डोळ्यांकडे, सुगंधाच्या मनगटावर दोऱ्याच्या जागी उमटलेल्या फिकट पट्ट्याकडे. प्रार्थना केली की नाही, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. मी फक्त बघत होते, जितकं जिवाच्या आकांताने बघता येईल तितकं. मग म्हणाले, "सुरू करा."

दीड तास लागला. आतडी चिकटली होती, मॅडम बोटाबोटाने सोडवत होत्या. मग त्यांचा हात आत थांबला आणि सावकाश वर आला. चिमट्यात काळपट, आक्रसलेला एक गोळा होता. त्यातून निळ्या दोऱ्याचं टोक लोंबत होतं. घाण वास सगळीकडे पसरला, तरी कुणी तोंड फिरवलं नाही. मॅडमनी तो ताटलीत ठेवला.

नियमाप्रमाणे असा मॉप त्या दिवसाच्या मोजणीत धरायचा नसतो. तो वेगळ्या डब्यात जातो, वेगळ्या कागदावर लिहिला जातो. शबानाला हा नियम मीच शिकवला होता. तिने ताटली उचलली, माझ्यासमोर आणून धरली आणि अगदी हळू म्हणाली, "पंधरा."

मी वाकून पाहिलं. दोऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं.

"बरोबर," मी म्हणाले.